मामांची गिटार: आधी ओळख पटवा, मग स्क्रू फिरवा

वाचकाचं पत्र:

‘आमचे धाकटे मामा बोटीवर होते. गेल्या वर्षी ते गेले. वेंगुर्ल्याचं घर आवरताना माळ्यावर त्यांची इलेक्ट्रिक गिटार सापडली. कोबे बंदरातून आणली होती एवढं आईला आठवतं, साल आठवत नाही. गिटारीच्या बॉडीलाच हात घालून उचलता येईल अशी आरपार खाच आहे. पुढे पट्ट्यापट्ट्यांचा पत्रा आहे. तीन पिकअपपैकी (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) मधलं नाही, तिथे नुसता खड्डा. ट्रेमोलोचा (सूर हलवायचा) दांडा नाही, दोन नॉब नाहीत, एका खुंटीचा कान तुटलाय. नाव कुठेच नाही, फक्त डोक्यावर दोन बारीक भोकं आहेत. सोबत एक छोटा ॲम्प आहे, त्याच्या वायरला दोन चपट्या पिना आहेत. मुंबईतले एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, ही फेंडर आहे, मी विकत घेतो. गोव्यातला एक कारागीर म्हणतो, मध्ये नवं हंबकर (दोन कॉइलचं पिकअप), नव्या खुंट्या, वरून ड्युको मारून आठवड्यात करकरीत करून देतो. मुलगी अकरावीत आहे, तिला ही वाजवायची आहे. फोटो जोडले आहेत. काय करावं?’

नमस्कार.

सगळ्यात आधी ॲम्पचं सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. तो ॲम्प प्लगला लावू नका. ‘चालतो का बघू’ म्हणून एकदाही नाही. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. दोन चपट्या पिनांची ती वायर बहुधा जपानी बाजारासाठीच्या यंत्राची आहे. ॲडाप्टर लावून ती आपल्या सॉकेटमध्ये बसेल, पण आतल्या ट्रान्सफॉर्मरवर दुपटीहून जास्त दाब येईल आणि तो जळेल. वायर काढून ठेवली तरी जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात मोठे कपॅसिटर असतात, त्यांच्यात वीज साठून राहू शकते. म्हणून मागचं झाकणही घरी उघडायचं नाही. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारा एखादा मेकॅनिक सावंतवाडी-कुडाळकडे अजून काम करत असेल, तर त्याच्याकडे न्या. सुकलेले कपॅसिटर बदलायला सांगा, अर्थिंगची तिसरी तार घालून घ्या, आणि १०० व्होल्टचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावूनच तो सुरू करायचा. तोवर गिटार तपासायला आजचा कुठलाही लहान प्रॅक्टिस ॲम्प पुरतो.

आता गिटार. ही फेंडर नाही.

मुंबईच्या गृहस्थांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, पण फोटो स्वच्छ बोलतात. फेंडर ही अमेरिकन गिटार कंपनी आपलं नाव डोक्यावर डिकलनं घालते, म्हणजे पातळ छाप चिकटवून. तुमच्या गिटारीच्या डोक्यावरची दोन बारीक भोकं सांगतात की तिथे धातूची किंवा प्लास्टिकची नावपट्टी खिळ्यांनी ठोकलेली होती. दुसरं, नटच्या, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीच्या, लगेच पुढे एक जादा फ्रेट (बोटं ठेवतो त्या पट्टीवरची धातूची आडवी तार) दिसतो. त्याला झीरो फ्रेट म्हणतात, आणि तारा नटवर नव्हे तर त्याच्यावर टेकतात. साठच्या दशकातल्या जपानी आणि युरोपी गिटारींत तो सर्रास दिसतो, त्या काळच्या फेंडरमध्ये नाही. तिसरं, मागे नेक जिथे चार स्क्रूंनी बसवलाय ती पट्टी कोरी आहे. फेंडरच्या त्या काळच्या पट्टीवर आकडा ठोकलेला असायचा. राहिली जपानात बनलेली फेंडर, तर ते उत्पादन १९८२ साली सुरू झालं, आणि तुमच्या गिटारीची ठेवण त्याच्या कितीतरी आधीची आहे.

मग ही कोण? माझा कौल टेस्कोकडे आहे, आणि त्यातही टीजी-६४ या मॉडेलकडे. १९४६ मध्ये टोकियोत आत्सुओ कानेको हा हवाईयन गिटार वाजवणारा कलाकार आणि दोर्यू मात्सुदा हा विजेच्या कामातला इंजिनिअर, अशा दोघांनी मिळून ही कंपनी उभी केली. युद्धात होरपळलेल्या शहरात त्यांनी सुरुवातीला हवाईयन गिटारी आणि ॲम्प बनवले. साठच्या दशकात मागणी इतकी वाढली की त्यांच्या कारखान्यातल्या गिटारी अमेरिकेत टेस्को डेल रे, किंग्स्टन, सिल्व्हरटोन अशा कितीतरी नावांनी विकल्या गेल्या. म्हणून टेस्को ओळखताना नावावर फार विसंबता येत नाही, अंग बघावं लागतं. १९६७ मध्ये कावाई कंपनीनं टेस्को विकत घेतली. बॉडीतली आरपार मूठ, पट्टेरी पत्र्याचं पिकगार्ड आणि तीन पिकअप हे तिन्ही एकत्र बघितलं की टीजी-६४ च समोर येते. ही मूठ पुढे १९८७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह वाईच्या आयबानेझ जेम या गिटारीमुळे जगभर गाजली. टेस्कोच्या कारखान्यात ती त्याच्या वीसेक वर्षं आधी कापली जात होती, ही गोष्ट मला फार आवडते.

फोटोवरून दिलेला कौल पक्का करायचा असेल तर आणखी पुरावा तुमच्याच घरात आहे. मामांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, शोधा, बोटीवरची माणसं जिला ‘नळी’ म्हणतात ती. तिच्यात कुठल्या बोटीवर, कुठल्या बंदरात, कुठल्या तारखेला चढले आणि उतरले याची नोंद असते. जपानकडे जाणाऱ्या बोटीवर ते कुठल्या वर्षी होते हे कळलं की गिटारीचं साल आपोआप आवळत येईल. त्या काळी आपल्याकडे परदेशी वाद्यं आयात करणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं, बोटीवरचा माणूस हाच मार्ग. त्यामुळे कस्टमची पावती ट्रंकेत जपलेली असू शकते. आणि जुने फोटो बघा, लग्नातले, नाताळातले, बोटीच्या डेकवरचे. मामा हातात गिटार घेऊन उभे असलेला एक जरी फोटो मिळाला, तरी मधलं पिकअप कसं होतं, नॉब कसले होते, डोक्यावर काय नाव होतं, हे सगळं एका कागदावर मिळेल. असा फोटो कुठल्याही तज्ज्ञाच्या मतापेक्षा मोलाचा.

हरवलेल्या भागांबद्दल बहुतेक लोक ‘काय आणून बसवू’ असं विचारतात. मी म्हणेन, आधी रिकामी जागा नीट बघा. दिवसाच्या उजेडात, तिरपा प्रकाश पाडून. मधल्या खड्ड्याच्या कडेला स्क्रूची भोकं आहेत का, किती, त्यांच्यात अंतर किती, हे व्हर्नियर कॅलिपरनं मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. उरलेल्या दोन पिकअपच्या भोकांमधलं अंतरही मोजा. दोन्ही जुळलं, तर मधलंही त्याच जातीचं होतं. पत्र्यावर पिकअपच्या आकाराचा उजळ ठसा दिसेल, कारण तेवढ्या भागाला खारी हवा आणि घाम लागलेला नसतो. डोक्यावरही तसंच. नावपट्टी जिथे होती तिथलं पॉलिश भोवतीपेक्षा वेगळ्या छटेचं असेल, आणि त्या छटेची बाह्यरेषा म्हणजे नावपट्टीचा आकार. ट्रेसिंग पेपर ठेवून ती पेन्सिलीनं उतरवून घ्या.

तुम्ही पाठवलेल्या चौथ्या फोटोत मला एक गोष्ट दिसली. मधल्या खड्ड्यात दोन वायरींची टोकं आहेत आणि ती कटरनं सरळ कापलेली आहेत. झाळलेला जोड सुटला असता तर टोकाला कथिलाचा ठिपका राहिला असता. म्हणजे ते पिकअप कुणीतरी मुद्दाम काढलं. बहुधा बिघडलं म्हणून एखाद्या रेडिओवाल्यानं काढलं असेल, किंवा दुसऱ्या गिटारीला बसवायला कुणी नेलं असेल. मामांबरोबर वाजवणारं कुणी हयात असेल तर त्यांना विचारा. आणि घर पूर्ण रिकामं होण्याआधी स्क्रू, वॉशर, बल्बहोल्डर भरलेला पत्र्याचा डबा शोधा, असा डबा प्रत्येक घरात असतो. गिटारीची पेटी असेल तर तिच्या अस्तराखाली हात घालून बघा. ट्रेमोलोचा दांडा म्हणजे नुसती वाकवलेली सळई, टोकाला आटे असलेली. माहीत नसलेला माणूस ती पडद्याच्या दांडीचा तुकडा समजून फेकून देतो. भंगारवाल्याला अजून काही दिलं नसेल तर थांबा.

आता काम. गिटार टेबलावर जुनी चादर घालून ठेवा. उरलेल्या तारा एकेक करून सैल करा, एकदम कापू नका. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो, काढल्यावर वेगळी पुडी, पुडीवर नाव. हे कंटाळवाणं आहे, पण याच्याशिवाय पुढचं काहीही नीट होत नाही.

स्क्रूंबद्दल जरा थांबून सांगतो, कारण जपानी वाद्यांचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. त्यांच्या फुलीच्या खाचेचा घाट आपल्या साध्या फिलिप्सपेक्षा थोडा वेगळा असतो. साधा स्क्रू-ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचा स्क्रू-ड्रायव्हर मागवा. व्हेसल या जपानी कंपनीचे ऑनलाइन मिळतात. गंजलेल्या स्क्रूला आदल्या रात्री काडीच्या टोकानं भेदक तेलाचा एकच थेंब लावा, लाकडाला लागणार नाही असा. सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं हलवायचा, मग सैल.

दुसरी गोष्ट आट्यांची. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानमध्ये मशीन स्क्रूंच्या आट्यांचं माप जुनं होतं. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला दोन आट्यांमधलं अंतर ०.७५ मिलिमीटर. आज बाजारात मिळणाऱ्या ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ते ०.७ असतं. ३ मिलिमीटरला तेव्हा ०.६, आज ०.५. फरक केसाएवढा, पण परिणाम मोठा. हार्डवेअरच्या दुकानातला नवा स्क्रू पहिले दोन-तीन आटे गोडीगुलाबीनं आत जातो, मग अडतो. तिथे माणसाला वाटतं गंज असेल, आणि तो जोर लावतो. ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) किंवा ट्रेमोलोच्या मूळ धातूतले आटे तिथेच जातात, आणि मग भोक मोठं करून नवे पाडण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. म्हणून धातूत जाणारा प्रत्येक जुना स्क्रू, कितीही गंजलेला असो, साफ करून तोच परत लावायचा. ट्रेमोलोचा दांडा नवा करून घेताना लेथवाल्याकडे फक्त ‘इतक्या मिलिमीटरचा’ म्हणून जाऊ नका. ट्रेमोलोचा खालचा भाग बरोबर न्या आणि पिच गेजनं आटे मोजून घ्यायला सांगा. लेथवर ०.७५ चे आटे पाडणं त्याच्यासाठी अवघड नाही. तो दांडा तुमच्या वेंगुर्ल्यातही बनेल.

सफाई कोरड्या मऊ ब्रशनं सुरू करा. नंतर किंचित ओलसर सुती कापड, लगेच कोरडं. थिनर, रॉकेल, कारचं पॉलिश, यातलं काहीही नको. पत्र्याच्या पिकगार्डवरचे पट्टे घासले की पुसट होतात, तिथे ब्रशच पुरे. फ्रेटबोर्ड सुकून पांढरट पडला असेल तर कापडाला फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब लावून पुसा, मुरू द्या, उरलेलं टिपून काढा.

विजेच्या भागात बहुतेक वेळा बिघाड वाटतो तेवढा नसतो. कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेले स्विच आणि पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) आतून काळे पडतात, बस. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत आणि मग स्विच तीस-चाळीस वेळा खालीवर, पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानंतर मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही पिकअपच्या वायरींना लावा. काही हजार ओहमचं रीडिंग आलं तर कॉइल जिवंत आहे. आकडाच आला नाही, तर तार आत कुठेतरी तुटली आहे. तरीही झाकण उचकटू नका. आतली तार केसापेक्षा बारीक असते, आणि बऱ्याचदा ती कॉइलपाशी नाही तर बाहेरच्या वायरला जिथे जोडली आहे तिथे तुटलेली असते. पिकअप रिवाइंड करणारे आज पुण्या-मुंबईत, बंगळुरूत आहेत, ते आधी तो जोडच तपासतात. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात देऊ नका. त्यांची तार आणि त्यांचा हात दोन्ही या कामासाठी जाड पडतात.

मधल्या पिकअपच्या जागी काय? गोव्यातल्या कारागिराचं हंबकर तर नक्कीच नको. हंबकर रुंद असतं. ते बसवायचं तर पत्रा कापावा लागेल, आतलं लाकूड कोरावं लागेल, आणि ते कधीच परत येणार नाही. तुमची मुलगी पहिल्या आणि तिसऱ्या पिकअपवर अगदी छान वाजवू शकेल. मधली जागा तोवर काळ्या ॲक्रिलिकच्या पातळ पट्टीनं झाका, जुन्याच भोकांचा वापर करून, एकही नवं भोक न पाडता. कापलेल्या दोन वायरींच्या टोकांवर इन्सुलेशन घाला आणि त्या आत तशाच राहू द्या, पुढच्या माणसाला त्या वाट दाखवतील.

मूळ पिकअप शोधताना सावध राहा. अमेरिकन गिटारवादक राय कूडरनं आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरला टेस्कोचं ‘गोल्ड फॉइल’ पिकअप बसवलं, त्याच्या स्लाइडचा (तारांवर नळी सरकवून वाजवण्याचा) आवाज लोकांच्या कानात बसला, आणि एके काळी स्वस्तात मिळणाऱ्या या पिकअपची मागणी चढत गेली. आज जुन्या टेस्को गिटारी मोडून त्यांची पिकअप वेगळी विकली जातात, हे मला मनापासून खटकतं. टेस्कोनं पिकअपचे अनेक प्रकार बनवले, त्यामुळे ‘टेस्को गोल्ड फॉइल’ लिहिलेलं दिसलं म्हणून घेऊ नका. तुमच्या उरलेल्या दोघांसारखंच दिसणारं, भोकांचं अंतर जुळणारं, आणि विक्रेत्यानं मल्टिमीटरचं रीडिंग दाखवलेलं असेल तरच घ्या. मिळायला वेळ लागेल. लागू द्या.

नॉब त्या मानानं सोपे. पॉटच्या दांडीचा व्यास मोजा, दांडी गुळगुळीत आहे की खाचांची हे बघा, तसे साधे नॉब तात्पुरते लावा. खुंट्यांचं तसं नाही. एका खुंटीचा कान तुटला म्हणून सहाही बदलायच्या, हा सल्ला मोडीत काढा. नव्या खुंट्यांची नळी जाड असते, बसवायला डोक्यावरची भोकं मोठी करावी लागतात. तुटलेल्या खुंटीचा दात आणि दांडी शाबूत असेल तर फक्त कान नवा बसवून मिळतो. अगदीच नाही जमलं, तर त्याच काळच्या जपानी खुंट्यांचा भंगारातला एखादा जोड मिळतो, त्यातली एक वापरायची.

नेक डोळ्यासमोर आडवा धरून ब्रिजच्या बाजूनं डोक्याकडे बघा. किंचित पुढे वाकलेला असेल तर घाबरू नका. डोक्याशी ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या सळईचा, आवळायचा नट दिसला, तरी तो घरी फिरवू नका. इतकी वर्षं न हललेला नट पहिल्याच जोराला तुटू शकतो. नट नसेलच, तर आत न वळणारी पोलादी पट्टी असते आणि तारांचा ताण कमी ठेवणं हाच उपाय. दोन्ही बाबतींत ९ किंवा १० नंबरचा हलका सेट लावा. नेक उघडलात तर खाचेत कागदाची किंवा पातळ लाकडाची चकती दिसू शकते. ती कचरा नाही, नेकचा कोन बसवायला कारखान्यातच घालत असत. ती जशी होती तशी परत ठेवा, आणि नेकच्या टाचेवर पेन्सिलीनं किंवा शिक्क्यानं काही लिहिलेलं असलं तर त्याचा जवळून फोटो घ्या. झीरो फ्रेटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा, तेवढ्यावर ब्रिज असायला हवा. तार जाड होते तसा तो किंचित मागे. ब्रिज सरकलेला असेल तर गिटार कितीही जुळवली तरी वरच्या फ्रेटवर बेसूर वाजेल, आणि मुलीला वाटेल आपलंच चुकतंय.

रंगाला हात लावू नका. ड्युको नाही, टच-अप नाही, काही नाही. मामांच्या कोपरानं जिथे पॉलिश झिजलंय तो भाग फोटोत मला दिसतोय, तो तसाच राहू द्या. डोक्यावर नवी नावपट्टी बनवून लावायचीच असेल तर ती आपल्या ट्रेसिंगवरून बनवा, पण मागच्या बाजूला ‘नवी’ असं आणि साल कोरून ठेवा. फेंडरचं नाव तर कुणीही, कितीही पैसे देतो म्हटलं तरी लावू देऊ नका.

विकण्याबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, तरी सांगतो. त्याच काळच्या फेंडरच्या जवळपासही हिची किंमत जात नाही, पण टीजी-६४ ला जगभर हौशी संग्राहक आहेत. मूळ रंग, मूळ स्क्रू, न कोरलेली बॉडी आणि मामांची नळी हे सगळं एकत्र असेल तर ती नुसत्या गिटारीपेक्षा कितीतरी मोलाची ठरते. कारागिराच्या आठवड्याभराच्या कामानंतर यातलं जवळजवळ काहीच उरणार नाही. मुंबईच्या गृहस्थांना एवढंच सांगा की सध्या विकायची नाही.

आणि मुलीला थांबवू नका. तारा, स्विच, नेक एवढं झालं की ती वाजवू लागेल, मधलं पिकअप आणि नावपट्टी सावकाश येतील. पावसाळ्यात मात्र गिटार माळ्यावर परत टाकू नका. भिंतीला न चिकटवता, हवेशीर खोलीत, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला. वाजवून झालं की तारा आणि ब्रिज कोरड्या फडक्यानं पुसायची सवय तिला लावा, खाऱ्या हवेत तारा आठवड्यात काळवंडतात.

मला आणखी तीन फोटो हवे आहेत: पॉटच्या मागच्या बाजूचे शिक्के, नेकच्या टाचेचा जवळून घेतलेला, आणि शेजारी पट्टी ठेवून मधल्या खड्ड्याचा. सोबत नळीतल्या जपानच्या फेऱ्यांच्या तारखा पाठवा.